कुणाच्या रजेने तारीख हलते

४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, चिडचिड बोलून दाखवू नका, लिहून काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही डायरी. बायको म्हणाली, "एक पुरायची नाही."

तर लिहितो. आज ऑफिसात गेलो तर माझा बोर्ड जागेवर नाही. मी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत नियोजन बघतो. कोणत्या इमारतीत कोणती लिफ्ट कधी बसणार, कोणता फिटर कुठे जाणार, हे इतकी वर्षं मी त्या पांढऱ्या बोर्डावर चार रंगांच्या पेनांनी लिहीत आलो. लोक मला बोर्डसाहेबच म्हणतात. आता तिथे चार खिळे आणि चौकोनी स्वच्छ भिंत आहे. बोर्ड कॅन्टीनमध्ये लावलाय आणि त्यावर कुणीतरी 'साखर संपली' असं लिहिलंय. माझ्या हिरव्या पेनाने.

साहेबांनी सॉफ्टवेअर घेतलं आहे. त्यात कामं भरायची, कामाला काम जोडायचं, प्रत्येक कामाला माणूस लावायचा, की शेवटची तारीख आपोआप निघते. सध्या मोठं काम एकच, नव्या हॉस्पिटलच्या तीन लिफ्ट. एप्रिलच्या अखेरीस हँडओव्हर. कामं भरायला बाहेरची एजन्सी नेमली आहे. मग मला काय? तर सुट्ट्या भरायच्या! "तुम्ही सगळ्यांना ओळखता ना," साहेब म्हणाले. ओळखतो म्हणूनच नको म्हणत होतो.

घरी आलो तर बायकोचा प्रश्न तयार. लेकीचे दिवस एप्रिलच्या मध्यावर भरतायत, मी एक तारखेला तिच्याकडे निघणार, तुम्ही येताय ना? म्हटलं, ऐन भरातलं काम आहे, माझ्यावाचून तिथे पान हलत नाही.

"बोर्ड मात्र हलला," ती म्हणाली. रक्तदाब मोजला नाही.

७ मार्च, गुरुवार

सुट्ट्या भरणं वाटतं तितकं सोपं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी हसायला नको.

काल कंपनीच्या वर्धापनदिनाची सुट्टी भरली. ती यंदा बुधवारी येते. खाली एक चौकोन होता, 'पुन्हा येणारी'. वर्धापनदिन पुन्हा येतोच, म्हणून खूण केली. पण त्या चौकोनाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, वर्षाने की आठवड्याने, तो मी बघितला नाही. सॉफ्टवेअरने रातोरात सगळे बुधवार बंद केले, हँडओव्हर मेमध्ये ढकलला आणि तसं पत्र हॉस्पिटलला परस्पर पाठवून दिलं. सकाळी त्यांच्या इंजिनियरचा फोन. "पेशंटना तोवर जिन्याने चढवायचं का?"

साहेबांनी मला आत बोलावलं. काय बोलले ते लिहीत नाही. बाहेर आलो तर फिटर लोक रांगेने हात मिळवायला उभे. कंपनीच्या इतिहासात दर बुधवारची सुट्टी मिळवून देणारा मी पहिलाच म्हणे. ती रद्द झाली आहे हे सांगताना जिवावर आलं.

११ मार्च, सोमवार

आजपासून एकेकाच्या खासगी रजा. पहिला आला स्टोअरकीपर. याला सगळे कुलूप म्हणतात, कारण एक स्क्रू मागितला तरी तो तीन सह्या झाल्याशिवाय देत नाही. त्याला भावाचं घर लावायला चार दिवस हवे होते. मी भरले. तो माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता.

"हँडओव्हरची तारीख कुठे दिसते?"

दाखवली.

"मग हलली नाही ती?"

मी समजावलं की सॉफ्टवेअर साखळी बघतं. ज्याच्या कामावर पुढचं काम लटकलेलं असतं त्याच्याच रजेने तारीख हलते. तुमचं सामान आधीच येऊन पडलंय, त्यामुळे काही बिघडत नाही.

"दोन आठवडे टाका," कुलूप म्हणाला.

टाकले. तारीख ढिम्म.

"महिना टाका."

मी म्हटलं, जाऊ द्या हो, चहा घ्या. तो चहा न घेता गेला. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं म्हणतात ते हे. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

१३ मार्च, बुधवार

बातमी फुटली. आज माझ्या टेबलाशी डॉक्टरकडे असते तशी रांग होती. रजा कुणालाच नको. "नुसती टाकून बघा, मग काढा," एवढंच.

फिटरांच्या मुकादमाचा अर्धा दिवस टाकला तर तारीख लगेच पुढे सरकली. नेहमी मान खाली घालून चालणारा माणूस, आज मांडवातल्या नवरदेवासारखा गेला. वायरमनची हलली. लिफ्टच्या केबिनला रंग देणाऱ्याची हलली नाही, तर तो म्हणतो, "रंग वाळायला वेळ लागतो तो धरलाय का?" धरलाय म्हटलं. "जास्त धरा," म्हणाला.

माझ्या शेजारच्या टेबलावर हिशेबनीस बाई बसतात. त्यांना म्हटलं, तुमचीही बघू. त्या म्हणाल्या, "कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची." या बाई कधीकधी शहाणपणाचं बोलतात.

संध्याकाळी सगळे गेल्यावर साहेब सहज आले. सहज म्हणजे आधी दोनदा डोकावून गेले होते. "चाचणी म्हणून माझी एक आठवडा टाका बरं."

टाकली. तारीख अलीकडे आली.

आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो. कारण साधं होतं. साहेबांच्या सह्या कामात तीन ठिकाणी लागतात आणि एजन्सीने त्यांना विचारूनच प्रत्येक सहीला तीन दिवस धरले होते. साहेब नसले की सही हिशेबनीस बाई करतात आणि त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'त्याच दिवशी'. हे मी समजावणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे."

मी म्हटलं, हो, आहेच. माझंही मत पहिल्यापासून तेच आहे.

१५ मार्च, शुक्रवार

आज दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना स्वतःची रजा टाकून बघितली. केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून.

एक दिवस टाकला. तारीख हलली नाही. एक दिवसाने काय होतंय, म्हणून आठवडा टाकला. मग महिना. मग निवृत्तीपर्यंत टाकून बघितली. तिन्ही लिफ्ट ठरल्या दिवशी रुग्णांना घेऊन वर चालल्या होत्या.

इतकी वर्षं त्या बोर्डावर... पण ते असो. साहेबांचं खरं आहे, सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे. जेवलो नाही. ॲसिडिटी असावी.

घरी बायको म्हणाली, "रजेचं विचारलंत का?"

"चौकशी चालू आहे."

"कुणाची?"

बायकोला हे कळता कामा नये. तीस वर्षं तिला जे सांगत आलो, ते एका यंत्राने चार सेकंदांत खोटं पाडलं, तर घरात तोंड कुठे दाखवू?

१८ मार्च, सोमवार

ॲसिडिटी गेली.

झालं असं की रविवारभर विचार करून माझ्या लक्षात आलं, एजन्सीने एक कामच भरलेलं नाही. लिफ्टमध्ये वजन भरून लोड टेस्ट होते आणि लगेच हँडओव्हर! मध्ये कुणी बघायला नको? मी नेहमी एक नजर टाकतोच. तर सकाळी लवकर जाऊन मी एक ओळ वाढवली. 'नियोजन विभागाची अंतिम पडताळणी'. मुदत दोन दिवस. माणूस, मी. शेजारी 'रजेवर असल्यास पर्यायी व्यक्ती' असा रकाना होता, तो कोरा ठेवला. पर्याय आहे कुठे?

आणि मग नुसतं बघावं म्हणून माझी रजा टाकली. तारीख हलली! कशी हलली म्हणून सांगू, थेट मेमध्ये.

यात खोटं काही नाही. होतं ते लिहिलं, इतकंच.

हिशेबनीस बाईंनी स्क्रीनकडे बघितलं. "हे नवीन दिसतंय."

"होतंच. लिहिलेलं नव्हतं."

"अच्छा." मग जरा वेळाने म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं कधी आहे हो?"

सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या. त्यांना मुलाबाळांची फार चौकशी असते.

२४ मार्च, रविवार

लेकीचा फोन. म्हणाली, "बाबा, तुम्ही पण या ना."

विचारलं, माझ्यासाठी तिथे काय काय काम असेल? म्हणजे मला तसं ठरवता येईल. ती म्हणाली, काही नाही. जावयाने रजा घेतली आहे, आई येतेच आहे, दवाखाना दोन चौकांवर आहे. सगळं झालेलं आहे.

"मग मी येऊन करू काय?"

"काही करू नका. नुसते या."

मला हे पटलं नाही. मोठ्या कामावरचा माणूस उचलून नुसता नेऊन बसवायचा, हे कुठल्या नियोजनात बसतं? तसं तिला समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. बहुतेक पटलं असावं. "बरं, आईला द्या," म्हणाली.

बायको फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावलं.

१ एप्रिल, सोमवार

बायको गेली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "गॅस बंद करत जा." मी म्हटलं, लेकीला सांग, काम मोठं आहे. ती म्हणाली, "ते तिला लहानपणापासून माहीत आहे."

घरी येऊन गॅस बंद आहे का बघितलं. लावलेलाच नव्हता.

८ एप्रिल, सोमवार

आठवडाभर काही लिहिलं नाही. चिडायला घरात कुणी नाही.

काल टेबलाचे खण आवरले, मग पुन्हा तसेच लावले. लेकीला फोन केला तर ती झोपलेली होती. बायको म्हणाली, पाय सुजलेत, पण बरी आहे. विचारलं, माझी आठवण काढते का? "सकाळी काढली होती. बल्ब बदलायचा होता. मग जावयांनी बदलला."

तेव्हापासून मन लागत नाही. साधा बल्बसुद्धा दुसऱ्यानेच बदलला.

आज सकाळी ठरवलं, जायचं. गेलो ऑफिसात आणि पुढच्या सोमवारपासून दोन आठवड्यांचा रजेचा अर्ज सॉफ्टवेअरमध्ये भरला. दोन मिनिटांत लाल पट्टी आली. 'ही रजा मंजूर केल्यास हँडओव्हर मे महिन्यात जाईल.' पाठोपाठ साहेबांचं बोलावणं.

"अहो, भलत्या वेळी काय रजा टाकता! अंतिम पडताळणी तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. तुमच्यावाचून चालणार कसं?"

हे वाक्य ऐकण्यासाठी मी या कंपनीत आयुष्य घालवलं. ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं मी भारावलो आहे. त्यांनी उठून पाठीवर हात ठेवला.

धोंडा मीच उचलला, मीच घासून गुळगुळीत केला आणि मीच आपल्या पायावर घातला.

९ एप्रिल, मंगळवार

वाट सापडली होती. तो जो कोरा रकाना, पर्यायी व्यक्तीचा, त्यात हिशेबनीस बाईंचं नाव घालायचं.

बाई लगेच तयार झाल्या. वही उघडून पेन घेऊन बसल्या. "सांगा, पडताळणीत काय काय करायचं?"

"सगळं नीट आहे ना ते बघायचं."

"ते लोड टेस्टमध्ये बघतात ना?"

"त्याच्यानंतरचं."

"त्याच्यानंतर काय करायचं?"

मी विचार केला. "लिफ्टने वर जायचं."

त्यांनी लिहिलं. "मग?"

"खाली यायचं."

त्यांनी तेही लिहिलं. "तिन्ही लिफ्टना?"

"हो."

"दोन दिवस लागतील खरे," त्या म्हणाल्या. चेहरा इतका गंभीर की मला काहीच कळेना.

त्यांचं नाव टाकलं. सॉफ्टवेअरने विचारलं, या व्यक्तीला किती वेळ लागेल? बाई म्हणाल्या, लिहा, 'त्याच दिवशी'. आणि माझं बोट थांबलं. मी दोन दिवस लावायचे आणि यांनी तासाभरात उरकून यायचं? मग सगळे काय म्हणतील? मी म्हटलं, राहू द्या, तुम्हाला उगीच त्रास. रकाना पुन्हा कोरा केला.

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "अहो, लेक महत्त्वाची की लिफ्ट?"

मला राग आला. दोन्ही महत्त्वाच्या आहेत असं म्हणालो. घरी येऊन हे लिहितोय, तर वाक्य फारच वाईट दिसतंय.

११ एप्रिल, गुरुवार

गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय.

सकाळी बायकोचा फोन. लेकीला पहाटेच दवाखान्यात नेलं. दिवस भरायच्या आतच. "घाबरू नका," बायको म्हणाली, पण तिचाच आवाज घाबरलेला होता. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

ऑफिसात पोहोचलो तेव्हा बैठक सुरू झाली होती. मोठ्या पडद्यावर हॉस्पिटलचा सगळा आराखडा, समोर साहेब, मुकादम, वायरमन, कुलूप, हिशेबनीस बाई, सगळे. मी बसलो नाही. म्हटलं, साहेब, मला आत्ता निघायचं आहे.

साहेबांनी पडद्यावर माझ्या ओळीकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

वाटलं, सांगावं की परत येऊन करतो. वाटलं, मुदत कमी करून घ्यावी. काहीतरी सांगून ती ओळ वाचवता आली असती. आणि मग बायकोचा तो आवाज आठवला. मी पुढे झालो, माऊस हातात घेतला आणि ती ओळच पुसून टाकली.

"असं काही काम नव्हतं, साहेब. मीच घातलं होतं."

पडद्यावरची तारीख अलीकडे सरकली. साहेब एकदम खूष. "वा! वेळ वाचवला की तुम्ही!" मी काय म्हणालो ते त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक. मीही पुन्हा सांगितलं नाही.

कुलूप मागून म्हणाला, "आता रजा टाका."

टाकली. सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्या पडद्यावर, दोन आठवडे. सगळे माना वर करून तारखेकडे बघत होते, मीही. तारीख जागची हलली नाही. कान गरम झाले. इतक्या वर्षांचा बोर्डसाहेब, आणि काहीसुद्धा नाही.

कुलूप बाकावर जरा सरकला. शेजारच्या जागेवर हात आपटून म्हणाला, "या. बसा आमच्यात." रंगवाल्याने आपला चहाचा कप माझ्यापुढे केला.

"बसताय काय!" हिशेबनीस बाई ओरडल्या. "गाडी गाठा!" त्यांनी तिकीट काढून ठेवलं होतं. कधी काढलं, विचारायला वेळ नव्हता. तिकिटावर तारीख परवाच्या मंगळवारची होती, ती खोडून आजची करून घेतलेली; बायकोने सकाळी ऑफिसातही फोन केला होता, तो त्यांनीच घेतला होता.

१३ एप्रिल, शनिवार

नात झाली. मी पोहोचायच्या आधीच झाली होती. लेक बरी आहे. नात रागीट आहे. सगळे म्हणतात नाक माझ्यावर गेलंय, कपाळाची आठी तर नक्कीच.

दोन दिवस ऑफिसचा एकही फोन नाही. आज राहवेना, मीच केला. हिशेबनीस बाई म्हणाल्या, सगळं वेळेवर चाललंय. माझ्याकडून काही हवंय का विचारलं. "बाळाचा फोटो," म्हणाल्या. फोन ठेवला आणि खिडकीशी उभा राहिलो. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं.

लेक पलंगावरून बघत होती. "काय झालं, बाबा?"

सगळं सांगून टाकलं. कुलपाची रजा, माझी रजा, ती वाढवलेली ओळ, पुसलेली ओळ. शेवटी म्हटलं, तिथे माझ्यावाचून काही अडत नाही. इथेही आलो तर सगळं आधीच झालेलं. मी कुठे कुणाला लागतच नाही, असं दिसतंय.

लेक हसायला लागली. टाके दुखले म्हणून कळवळली आणि पुन्हा हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "अडलं की लोक गाढवाचेसुद्धा पाय धरतात, बाबा. मी काही अडलेलं नसताना बोलावलं होतं तुम्हाला."

फोनवर ती एवढा वेळ गप्प का होती, ते आत्ता कळलं. तिला तेव्हा काहीच पटलं नव्हतं.

बायको दुपटं घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि आमचं गाढव तरी उशिराच आलं."

आवाजाने नात उठली. तिला माझ्याकडे दिलं, कारण मी रिकामाच होतो. आता ती माझ्या उजव्या हातावर झोपली आहे आणि हे मी डाव्या हाताने लिहितोय. सोमवारी साहेबांना सांगून रजा आणखी वाढवून घेणार आहे. तारीख हलत नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नाही.